मेट्रनबाईंची हिरवळ

"पोट कसं आहे?" हा बाईंचा नमस्कार होता. समोरचा माणूस "बरं आहे" म्हणाला की त्या तिथेच थांबायच्या आणि म्हणायच्या, "बरं म्हणजे काय? नीट सांगा." बाजार असो, बँकेतली रांग असो, कुणाचं लग्न असो की बारावं, हा प्रश्न कुणाला चुकला नाही. मी त्यांच्याकडे भाड्याची खोली बघायला गेलो तेव्हा त्यांनी माझं गाव, पगार, जात यांतलं काही विचारलं नाही. पोट विचारलं, जीभ बघितली आणि किल्ली हातात ठेवली.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत नोकरीला लागलो होतो. बोईसरला तेव्हा खोली मिळणं म्हणजे लॉटरी लागणं, म्हणून पालघरला राहून ये-जा करायचो. बाई सरकारी दवाखान्यातून मेट्रन म्हणून निवृत्त झालेल्या, आणि घर वडिलांनी बांधलेलं, दवाखान्याच्या अगदी पाठीमागे. निवृत्त झाल्या हे सरकारला माहीत होतं, त्यांना स्वतःला ते कुणी सांगितलं नसावं. पांढरं पातळ, खांद्याला पिनेने अडकवलेलं घड्याळ आणि पहाटे पाचला उठून सगळ्या घरभर राउंड. मी त्यांच्या हिशेबात "खोली नंबर दोन" होतो. नंबर एक कुठे होती ते मला कधी कळलं नाही. मी कामावर गेलो की त्या माझी चादर पुन्हा घालायच्या, कोपरे दवाखान्यासारखे दुमडून. इतकी घट्ट की रात्री आत शिरताना पाकिटात पत्र सरकवल्यासारखं वाटायचं. कारखान्यातून माझे हात कधी निळे, कधी तांबडे होऊन यायचे. त्या ते उंबऱ्यावरच धुवून घ्यायच्या आणि निळे असले तर म्हणायच्या, "आज ऑक्सिजन कमी पडला वाटतं."

अर्ध्या तालुक्याचा जन्म त्यांच्या हातून झालेला. ही गोष्ट त्या विसरत नसत आणि दुसऱ्यालाही विसरू देत नसत. बाजारातला एक भाजीवाला म्हणजे झुपकेदार मिशांचा, चांगला तगडा गडी. त्याच्याशी घासाघीस करताना त्या चारचौघांत म्हणायच्या, "पायाळू होतास. आधी पाय बाहेर आले. तेव्हा एवढा आखडला नव्हतास." तो बिचारा लाजून वर दोन मिरच्या टाकायचा. मला वाटतं, बाईंना सगळी माणसं नुकतीच जन्मल्यासारखीच दिसत असावीत. त्यांच्यापुढे कुणाचा तोरा चालायचा नाही, ते यामुळेच.

घर आणि रस्ता यांच्यामध्ये एक चौकोनी तुकडा होता, विटा उभ्या पुरून कड केलेला. त्याला बाई लॉन म्हणत. कधी काळी तिथे खरंच हिरवळ होती म्हणे. मी गेलो तेव्हा नुसती तांबडी माती होती, कडेकडेने थोडे हिरवे झुपके, म्हाताऱ्याच्या कानामागे उरलेल्या केसांसारखे. पण नियम जुनेच चालू होते. विटांच्या कडेला चपला काढायच्या आणि अनवाणी आत जायचं. मी एकदा चिडवलं, "बाई, मातीवर कसल्या चपला काढायच्या?" तर म्हणाल्या, "पेशंट शुद्धीवर नसला तरी आपण त्याच्या खाटेवर पाय ठेवत नाही." मी चपला काढल्या.

ही हिरवळ गेली कशाने, ते मला पहिल्या आठवड्यातच कळलं. जव्हार, विक्रमगड, मनोरकडून पेशंट यायचे, मुरब्यासारख्या किनाऱ्यावरच्या गावांतूनही यायचे. पेशंट एक आणि बरोबर चार-पाच माणसं. पेशंट आत खाटेवर जायचा, पण बरोबरच्यांनी जायचं कुठे? बाई नोकरीत होत्या तेव्हापासून त्यांना सरळ आपल्या घरी पाठवायच्या, मागच्या फाटकातून. ती माणसं लॉनवर बसत, भाकर खात, दुपारी आडवी होत. पोरं रांगत. काहींनी तिथेच रडून घेतलं आणि काही तिथूनच बातमी ऐकून उठून गेले. वर्षानुवर्षं इतकी माणसं बसल्यावर गवताने काय करावं? बाईंचं एक ठरलेलं वाक्य होतं, "रोग्याला अंथरूण आणि नातेवाइकाला जमीन, एवढं तरी पाहिजे." एरवी त्या या कामाबद्दल बोलत नसत. कुणी कौतुक करायला गेलं की त्याचं पोट विचारायच्या.

बाईंचे धाकटे भाऊ मुंबईला, दादरला असायचे. चांगल्या नोकरीतले, टक्कल पडलेले, शांत गृहस्थ. बाई त्यांना बाबू म्हणत. घर दोघांच्या नावावर होतं. पुढचा रस्ता वाहता झाला होता, आजूबाजूला दुकानं उभी राहत होती. बाबूंचं म्हणणं होतं की त्या तुकड्यावर रस्त्याच्या बाजूने गाळे बांधावेत. ते काही हावरट नव्हते, सरळ हिशेबी होते. बहिणीचं वय होत चाललं, गाळे असले तर म्हातारपणी आधार होईल, असं ते मला एकदा ओट्यावर बसून सांगत होते, आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही. पण लॉनवरची माणसं त्यांना कधी दिसलीच नाहीत. ते यायचे रविवारी जेवायला, बुटांसकट तो तुकडा ओलांडून सरळ घरात. बाई त्यांना चपलांचा नियम सांगायच्या आणि ते म्हणायचे, "ताई, ही माती आहे."

एका उन्हाळ्यात दोघांची त्यावरून जुंपली. बाबू म्हणाले, लॉन असतं तर मी शब्द काढला नसता, पण मोकळ्या धुळीसाठी जागा अडवायची याला काही अर्थ नाही. बाई तडकल्या. म्हणाल्या, नवीन गवत लावते. दसऱ्याला ये. हिरवळ धरलेली असेल तर गाळ्यांचं नाव पुन्हा काढायचं नाही. धरली नाही तर आण तुझा कॉन्ट्रॅक्टर. बाबू हसून बरं म्हणाले. बाईंचा शब्द म्हणजे शब्द, हे त्यांना लहानपणापासून माहीत होतं.

झालं. घराचं ऑपरेशन थिएटर झालं. जुनी माती ढिली झाली, खडे वेचले गेले, फळी फिरवून सपाटी झाली. ओट्यावर सूचना लागली, "लॉन विश्रांती घेत आहे. कृपया ओट्यावर बसावे." वाचता येणारं त्यात फारसं कुणी नव्हतं, म्हणून बाई ती मोठ्याने वाचून दाखवायच्या. माती कमी पडली तेव्हा सफाळ्याचा एक शेतकरी मदतीला आला. त्याची दोन्ही मुलं बाईंच्या हातची. त्याने स्वतःच्या भाताच्या खाचरातली काळी माती बैलगाडीतून आणून टाकली. मग बाईंनी त्याच्याकडे हरळी मागितली. लॉनला तीच चिवट, एकदा धरली की सोडत नाही. तो बघतच राहिला. जी हरळी शेतातून उपटता उपटता त्याच्या बापाचं कंबरडं मोडलं आणि आता त्याचं मोडत होतं, ती कुणी मागून नेईल हे त्याच्या स्वप्नातही आलं नसेल. दुसऱ्या दिवशी त्याने गाडी भरून आणली आणि म्हणाला, "बाय, आजून लागली तं सांगा. बांधावर लय हाय."

पाऊस सुरू झाल्यावर बाईंनी ती हरळी स्वतः लावली. प्लॅस्टिकचा रेनकोट, त्यावर पांढरा एप्रन, दोरी धरून ओळीत एकेक काडी. रविवारी मीही बसायचो. मला त्यांनी रोपाला बोटाने कसं दाबायचं ते शिकवलं, नाडी बघतो तेवढ्याच जोराने. काड्यांना कोंब फुटले त्या दिवशी त्यांनी शेजारीपाजारी साखर वाटली. पण थोड्याच दिवसांत हरळीच्या बरोबरीने दुसरंही काही वर आलं. सफाळ्याच्या मातीत भाताचे दाणे पडलेले होते, ते उगवले. जागोजागी हिरवेगार पुंजके. बाईंनी चष्मा वर करून पाहिलं आणि म्हणाल्या, "हे पाहुणे आहेत. हरळीने मुळं धरली की डिस्चार्ज देऊ." आत्ता आत पाय ठेवला तर नवी मुळं हलतील, अशी त्यांना भीती होती.

नेमकी तेव्हाच त्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनची तारीख आली. बाबूंनीच ओळखीच्या डॉक्टरांकडे खटपट केली होती. ते स्वतः गाडी घेऊन आले, बहिणीला हाताला धरून नेलं आणि चांगले तीन-चार आठवडे स्वतःच्या घरी ठेवून घेतलं. जाताना बाईंनी मला बजावलं, ओट्यावर जे येतील त्यांना चहाला दूध द्यायचं आणि लॉनमध्ये कुणी उतरायचं नाही. मी ओट्यावरच्यांना तसं सांगितलंही. पण ओट्यावरची माणसं रोज बदलत होती आणि मी पहिल्या पाळीला उजाडायच्या आत घर सोडत होतो.

त्या दिवसांत विक्रमगडकडची एक म्हातारी ओट्यावर येऊन राहिली होती. सून दवाखान्यात. पहिलं मूल आधी गेलेलं, या खेपेला डॉक्टरांनी दिवस भरेपर्यंत आतच ठेवून घेतलं होतं. म्हातारीबरोबर तिच्या दोन लेकी. डोंगरातली ही माणसं, पावसाळ्यात हाताला काम नाही असा एक दिवस त्यांनी कधी काढलेला नसावा. दिवसभर ओट्यावर बसून त्या समोरचं ते खाचर बघत होत्या. हो, खाचरच. त्यांना काय दिसत होतं? विटांचा बांध, आत काळी माती, साठलेलं पाणी, भाताची रोपं एका जागी दाटलेली आणि सगळीकडे हरळी माजलेली. घरची मालकीण डोळ्याच्या इलाजाला गेलेली. जिच्या ओट्यावर आपण बसतो, जिचा चहा पितो, तिचं शेत असं वाया जातंय, हे त्यांच्याने बघवलं नाही.

मी एका संध्याकाळी कारखान्यातून आलो तर लॉनमध्ये हरळीची एक काडी उरली नव्हती. मुळासकट उपटून, माती झटकून, विटांवर वाळत घातली होती, पुन्हा जीव धरू नये म्हणून. आणि भाताची रोपं सोडवून चौकोनभर रीतसर लावली होती, सारख्या अंतरावर, या कडेपासून त्या कडेपर्यंत. म्हातारी पाय धूत होती. मला बघून ती समाधानाने म्हणाली, "बसून बसून अंग आंबला व्हता. बायला सांगा, हरळीचा आता नाव नाय."

मी आत गेलो आणि त्यांच्या चहाला दूध काढून दिलं.

बाई परतल्या त्या डोळ्यांवर मोठा काळा चष्मा लावून. अजून सगळं धूसरच दिसत होतं. फाटकातून आत आल्या आणि जागच्या जागी थांबल्या. समोर हिरवंगार. त्यांचा चेहरा असा फुलला की मला तिथून पळून जावंसं वाटलं. बाबू बरोबर होते, त्यांना म्हणाल्या, "बघितलंस? धरलं. मी म्हटलं नव्हतं?" बाबूंनी पाहिलं. ते जन्मभर शहरात नोकरी केलेले, पण इथेच वाढलेले. त्यांनी भात ओळखलं असणार. ते बॅग घेऊन आत गेले. बाई चपला काढून विटांपाशी वाकल्या. "जरा जास्तच वाढलंय, कापावं लागेल," असं म्हणत त्यांनी हात फिरवला. मग दुसऱ्यांदा फिरवला, सावकाश. ज्या बोटांनी आयुष्यभर न बघता बाळाचं डोकं कुठे, पाय कुठे ते ओळखलं, त्या बोटांना भात कळायला कितीसा वेळ लागणार?

म्हातारी ओट्यावरून उतरून पुढे आली होती. तिने आपणहून सगळं सांगितलं, कोणत्या दिवशी हरळी बेणून काढली, कोणत्या दिवशी लावलं, कुठे रोप कमी पडलं. बाईंनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "छान केलंत, मावशी. सुनेचं पोट कसं आहे?"

त्या रविवारी मी बाईंशी भांडलो. भाडेकरूने मालकिणीशी भांडू नये, पण मला राहवलं नाही. पाऊस अजून होता. सफाळ्याहून एक गाडी हरळी पुन्हा आली असती, दसऱ्यापर्यंत नाही म्हटलं तरी हिरवं दिसलं असतं. मी म्हटलं, आजच भात उपटू आणि उद्या हरळी लावू, म्हातारीला काय ते समजावून सांगू. बाई मसूर निवडत होत्या. निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "तिची सून आत आहे. दिवस अवघड आहेत. आणि मी तिच्या डोळ्यांदेखत तिच्या हातचं भात उपटू?" मी म्हटलं, मग गाळे होतील. ही माणसं कुठे बसतील? त्यावर त्यांचा हात थांबला. काळ्या चष्म्यामुळे डोळे दिसत नव्हते, पण आवाज बारीक झाला होता. "ते मला कळतं हो," एवढंच त्या म्हणाल्या. मग त्यांचं दुसरं नेहमीचं वाक्य आलं, "झालं ते झालं. पट्टी बदला." हे त्या कोणत्याही संकटात म्हणायच्या, पण त्या दिवशी त्यात काही जोर नव्हता. मला त्यांचा राग आला होता आणि त्यांच्याविषयी इतकं प्रेमही कधी वाटलं नव्हतं.

गणपतीच्या दिवसांत सुनेची सुटका झाली. मुलगी. बाई निवृत्त असूनही आत जाऊन उभ्या राहिल्या होत्या, त्यांना कुणी अडवलं नाही. म्हातारी नात घेऊन घरी गेली आणि जाताना भाताला पाणी किती ठेवायचं ते मला सांगून गेली. बोईसरहून परतल्यावर मी विटांची एक फट उघडायचो आणि बंद करायचो. रंगाच्या कारखान्यातला मी केमिस्ट, आणि संध्याकाळचा शेतकरी.

दसऱ्याला बाबू आले. बरोबर कॉन्ट्रॅक्टर, केळव्याकडचा, मूळचा शेतकऱ्याचा मुलगा. लोंब्या भरून पिवळ्या होत आल्या होत्या, वाऱ्याने सगळा चौकोन एका बाजूला कलायचा. बाईंनी चार लोंब्या काढून, आंब्याची पानं घालून दाराला लावायचं 'नवं' तयार केलं होतं. आमच्याकडे दसऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या दाराला बांधतात. त्या घरात ते दर वर्षी दुसऱ्याच्या शेतातून यायचं. बाईंनी ते भावाच्या हातात दिलं, "बांध. घरचं आहे." बाबूंनी स्टूल घेऊन बांधलं. मग खाली उतरून म्हणाले, "ताई, अट हिरवळीची होती." बाई म्हणाल्या, "होती. मी हरले. टाक टेप."

बाबूंनी कॉन्ट्रॅक्टरकडे पाहिलं. तो विटांपर्यंत गेला, भाताकडे बघत थोडा वेळ उभा राहिला आणि टेप खिशात घातली. "उभ्या पिकात टेप नाय टाकत, साहेब," तो म्हणाला. "कापणी होऊ द्या. मग बोलवा."

म्हणून कापणीचा दिवस ठरला. बाईंनी एसटीच्या कंडक्टरबरोबर विक्रमगडकडे निरोप धाडला. तोही त्यांच्याच हातचा. म्हातारी आली, लेकी आल्या, सून आली, कडेवर बाळ. येताना विळे घेऊन आल्या. तेवढ्या तुकड्याला कापायला असा किती वेळ लागणार, पण त्यांनी ते शेत असल्यासारखंच कापलं, पेंढ्या बांधल्या, ओट्याच्या दगडावर झोडलं. दवाखान्यातून आलेली दुसरी माणसं होती, कुणी मुरब्याची, कुणी मनोरची, तीही येऊन बसली आणि हाताला लागली. बाळाला पेंढ्यावर झोपवलं होतं. बाईंनी तेवढ्यात बाळाचं पोट तपासून घेतलं.

बाबू कॉन्ट्रॅक्टरला घेऊन वेळेवर आले. पण फाटकाशीच थांबले. त्यांनी आजवर त्या जागेत इतकी माणसं पाहिली नव्हती, किंवा पाहिली असली तरी ती कुणाची आणि का बसलीत ते त्यांना कधी विचारावंसं वाटलं नव्हतं. सुनेने त्यांना वाकून नमस्कार केला, ते अवघडले. म्हातारीने त्यांना ओंजळभर भात दाखवलं, दाणा कसा भरलाय ते दाताखाली धरून दाखवलं. त्यांनीही एक दाणा तोंडात टाकला. बाई ओट्यावर हात मांडीत घेऊन बसल्या होत्या. शब्द दिलेला होता आणि तो फिरवायच्या बेतात त्या नव्हत्या, हे मला दिसत होतं.

कॉन्ट्रॅक्टरने टेप काढली आणि एक टोक बाबूंच्या हातात दिलं. म्हातारीने ते पाहिलं. शेत मोजायला घेतलं म्हणजे पुढच्या पिकाची तयारी, असंच तिला वाटलं असणार. तिने पदराला हात पुसत विचारलं, "दादा, आता काय लावशीला यात?"

बाबू टेपचं टोक धरून उभे. एकदा बहिणीकडे पाहिलं, एकदा पेंढ्यावर झोपलेल्या त्या मुलीकडे. मग म्हणाले, "गवत."

म्हातारीला ऐकू आलं, पण पटलं नाही. "गवत?" तिने विचारलं. "गवत," बाबू म्हणाले. "हरळी." त्यावर ती जी हसायला लागली ती थांबेना. लेकी हसल्या, सून तोंडाला पदर लावून हसली, सगळा ओटा हसला. इतकी वर्षं झाली तिला शेती करताना, हरळी उपटून उपटून हात झिजले, आणि हा एवढा मोठा शिकलेला माणूस हरळी लावणार म्हणतो. ती हसत हसत खाली बसली आणि बाईंना म्हणाली, "बाय, भावाला जप. डोक्यात फरक हाय."

बाईंनी काळा चष्मा काढून डोळे पुसले. त्याची सवय ऑपरेशननंतरची होती, म्हणून मी त्याकडे विशेष लक्ष दिलं नाही असं दाखवलं. मग त्या नेहमीच्या मेट्रनच्या आवाजात म्हणाल्या, "बाबू, लॉनवर चपला काढून."

बाबूंच्या पायात बूट होते. त्यांनी टेप सोडली, विटांच्या कडेला बसून बूट काढले, मोजेही काढले आणि अनवाणी आत गेले. नुकत्या कापलेल्या भाताची धसकटं पायाला टोचतात, शेतकऱ्याचाही जीव जातो. ते तसेच, पाय उचलत उचलत, मधोमध जाऊन उभे राहिले.